जड ते तळाशी

मुलांनो, आजी तांदूळ रोळते ते जवळून पाहिलंय का? पाण्यात पातेलं हलक्या हाताने हेलकावत ती तांदूळ दुसऱ्या भांड्यात ओतत जाते. तांदूळ पाण्याबरोबर निघून जातात, खडे मागे राहतात. जड ते तळाशी.

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यातल्या यूकॉन प्रदेशात, सव्वाशे वर्षांपूर्वी, हजारो माणसं दिवसभर हेच करत होती. फरक एवढाच, की त्यांना तळाशी उरलेलंच हवं होतं. सोन्याचा कण तेवढ्याच वाळूच्या कणापेक्षा सातेक पट जड असतो. पसरट थाळीत वाळू आणि पाणी गोल फिरवलं की वाळू वाहून जाते, सोनं बसून राहतं.

16 ऑगस्ट 1896 रोजी क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात चौघांना सोनं सापडलं. टागिश जमातीची शाव त्ला, तिचा भाऊ कीश, त्यांचा भाचा का गूख आणि शावचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक. शोधाचा मान असलेला जमिनीचा पट्टा नोंदला गेला तो मात्र कारमॅकच्या नावावर. ओढ्याचं नाव बोनान्झा पडलं.

जुलै 1897 मध्ये सोनं लादलेली जहाजं सिअ‍ॅटल आणि सॅन फ्रान्सिस्कोला लागली आणि सुमारे लाखभर माणसं घरदार सोडून निघाली. पोहोचली त्यांतली तीस-चाळीस हजारच. कॅनडाचे पोलीस वर्षभराचा शिधा पाहिल्याशिवाय आत सोडत नसत. सगळं सामान मिळून जवळपास टनभर भरे. ते पाठीवर घेऊन वाटेतल्या चिलकूट खिंडीचा बर्फाळ चढ चढायचा, ओझं टाकायचं, खाली यायचं, पुन्हा चढायचं. एका माणसाच्या अशा कितीतरी खेपा होत. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे मेले. त्यांनी तर सोनं मागितलंही नव्हतं.

आणि तिथली जमीन! ती बारा महिने गोठलेली. कुदळ मारली तर टणकन उडायची. म्हणून हिवाळ्यात जमिनीवर लाकडं पेटवत. विस्तवाखाली जेवढी माती सैल होई तेवढी खणायची, खड्ड्यात पुन्हा जाळ करायचा. असं करत विहिरीसारखं खोल, खडकापर्यंत जायचं. सोनं जड, ते खडकाला टेकूनच बसलेलं. वर काढलेल्या मातीचे ढीग वसंताची वाट पाहत. बर्फ वितळलं की ती माती लाकडी पन्हळीत टाकून वरून पाणी सोडत. पन्हळीच्या तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, त्यांच्याआड सोनं अडकायचं. तीच रोळण्याची युक्ती.

बहुतेक लोक 1898 मध्ये पोहोचले तेव्हा चांगले पट्टे आधीच वाटले गेले होते. 1899 मध्ये अलास्कातल्या नोमला सोनं सापडल्याची बातमी आली आणि सोनं शोधणाऱ्यांनी भरलेलं डॉसन गाव भराभर रिकामं झालं. पुढे यंत्रं आली. बोनान्झाकाठी 'ड्रेज नंबर 4' हे आठ मजली तरंगतं यंत्र आजही उभं आहे. लोखंडी बादल्यांच्या माळेने ते 1959 पर्यंत नदीचा तळ उपसत होतं.

क्लोंडाइक नदीच्या मुखाशी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या त्रोन्डेक ह्वेचिन लोकांना सोन्यासाठी लोटलेल्या या गर्दीत आपली जागा सोडून प्रवाहाच्या खालच्या बाजूला मूसहाइड इथे जावं लागलं. त्यांचे प्रमुख आयझॅक यांना भीती वाटली, की या गोंधळात आपली गाणीही हरवतील. त्यांनी ती अलास्कातल्या नातलगांकडे जपायला दिली. शतकभराने त्यांच्या वंशजांनी ती परत शिकून घेतली.