हमीभावाचा मका आणि १४ टक्के ओलावा

हमीभाव पिकाला नसतो, पिकाच्या एका ठरावीक प्रतीला असतो. २०२५-२६ च्या खरिपासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये ठरला. हा आकडा गावोगाव पाठ आहे. त्याच्यासोबत छापलेल्या ‘एफएक्यू’ या तीन अक्षरांशी मात्र बहुतेकांची गाठ पडते ती थेट खरेदी केंद्रावर. रास्त सरासरी प्रत, असा त्यांचा अर्थ. या प्रतीच्या तक्त्यात सात अटी आहेत आणि त्यांतली एकच बाकीच्या सहांना पुरून उरते : दाण्यातला ओलावा १४ टक्क्यांच्या वर नसावा.

फुलंब्री तालुक्यात ही अट सगळ्यांच्या परिचयाची आहे. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे जळगावला जाणारा रस्ता या तालुक्यातून जातो. कापूस, मका आणि आले ही इथली पैशाची पिके. कन्नड, फुलंब्री, सिल्लोड हा सलग पट्टा मराठवाड्यात मक्याचा म्हणून ओळखला जातो. एकेकाळी या रानांत बाजरी आणि ज्वारी असे. मका त्यांच्या जागी आला तो खाण्यासाठी नव्हे. पावसाळ्यात भाजून खाल्लेली कणसे सोडली, तर इथला मका घरच्या ताटात फारसा येत नाही. भाकरी अजून ज्वारी-बाजरीचीच होते. मका जातो कोंबडीखाद्याला, पशुखाद्याला, स्टार्चच्या कारखान्यांना आणि अलीकडे इथेनॉलला. अन्नधान्य म्हणून ज्याचा हमीभाव ठरतो ते पीक व्यवहारात कारखान्याचा कच्चा माल आहे. या विसंगतीतून पुढच्या बऱ्याच गुंतागुंती निघतात.

भाव ठरतो दिल्लीत. कृषी मूल्य आयोग १९६५ मध्ये स्थापन झाला. १९८५ पासून त्याचे नाव कृषी खर्च व मूल्य आयोग असे आहे. आयोग शिफारस करतो, निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळ घेते. बियाणे, खत, औषध, मजुरी, पाणी, यंत्र असा रोख खर्च आणि त्यावर घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल, एवढे धरून जो उत्पादन खर्च येतो त्याच्या किमान दीडपट भाव द्यायचा, हे २०१८-१९ पासूनचे धोरण. २०२५-२६ साठी मक्याचा हा खर्च क्विंटलला १,५०८ रुपये धरला गेला, म्हणजे २,४०० रुपये दीडपटीहूनही थोडे अधिक झाले. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि गुंतवलेल्या भांडवलावरचे व्याज या हिशोबात नाही. शेतकरी संघटना ज्या ‘सर्वसमावेशक खर्चा’चा आग्रह धरतात त्यात ते असते, आणि वाद तिथेच आहे. शिवाय खर्च काढला जातो राज्याराज्यांच्या सरासरीने. कोरडवाहू रान आणि दोन पाणी देता येणारे रान या सरासरीत एकत्र मोजली जातात.

इतके होऊनही हमीभावाला कायद्याचा हात नाही. उसाचे उदाहरण जवळचे आहे : उसाची रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ठरते आणि ती देणे कारखान्याला बंधनकारक असते. मक्याच्या व्यापाऱ्यावर तसे बंधन नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने तसा प्रयत्न करून पाहिला. हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी केल्यास एक वर्ष कैद आणि ५०,००० रुपये दंड, अशी दुरुस्ती मंजूर केली. व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली, अनेक बाजार समित्या ओस पडल्या आणि तरतूद अमलात न येताच मागे पडली. विकत घ्यायलाच कोणी नसेल तर कायद्यातला भाव घेऊन शेतकरी कुठे जाणार, हा प्रश्न त्या वेळी अनुत्तरित राहिला, तो अजून तसाच आहे. म्हणून हमीभावाचा खरा अर्थ एवढाच उरतो की, सरकार स्वतः विकत घेईल तेव्हा या भावाने घेईल, आणि प्रतीचा माल असेल तरच घेईल.

ती प्रत अशी : काडीकचरा व माती १ टक्क्यापर्यंत, इतर धान्य २ टक्के, खराब दाणे दीड टक्का, किंचित डागी व रंग गेलेले दाणे साडेचार टक्के, सुरकुतलेले व अपक्व दाणे ३ टक्के, किडके १ टक्का. चाळणी, पंखा आणि थोडी निवड यांनी यांतले बरेचसे जमते. ओलाव्याचे तसे नाही.

खरिपाचा मका जूनअखेर ते जुलैत पेरला जातो आणि सप्टेंबरच्या शेवटापासून सोंगणीला येतो. परतीचा पाऊसही तेव्हाच असतो. कणीस वरून वाळलेले दिसले तरी दाण्यात २० ते २५ टक्के पाणी सहज असते. मळणीयंत्रातून निघालेला मका घरापुढे, खळ्यावर, ताडपत्रीवर आणि जागा नसेल तर सरळ रस्त्याच्या कडेला पसरला जातो. दिवसातून दोन-तीनदा तो पायाने किंवा फावड्याने खालीवर करावा लागतो, संध्याकाळी ढीग करून झाकावा लागतो. आभाळ आले की सगळे घर ताडपत्रीकडे धावते. एका रात्रीच्या सरीने चार दिवसांचे वाळवण वाया जाते. मजूर, जागा आणि ऊन या तिन्ही गोष्टी त्या पंधरवड्यात एकाच वेळी कमी पडतात.

यात वजनाचा एक हिशोब दडलेला आहे आणि तो क्वचितच मांडला जातो. २० टक्के ओलाव्याच्या १०० किलो मक्यात कोरडा ऐवज ८० किलो असतो. हाच मका १४ टक्क्यांवर आणला की त्याचे वजन ९३ किलो भरते. ७ किलो पाणी उडून जाते. मूळ ओलावा २५ टक्के असेल तर १०० किलोचे ८७ किलोच उरतात. आता भाव लावून पाहावा. वाळवून २,४०० रुपयांनी विकलेला मका आणि २० टक्के ओलाव्याचा असतानाच २,२३२ रुपयांनी विकलेला मका, दोन्हींत शेतकऱ्याच्या हाती पैसे तेवढेच येतात. २५ टक्क्यांच्या मक्याला हाच आकडा २,०९३ रुपयांच्या आसपास येतो. त्यामुळे मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, मका २,१०० ला गेला म्हणजे क्विंटलमागे ३०० रुपयांची लूट झाली, असे सरसकट म्हणता येत नाही. त्या ३०० रुपयांत काही भाग पाण्याचा असू शकतो. पण भाव १,५०० किंवा १,६०० वर उतरतो तेव्हा कितीही पाणी वजा केले तरी हिशोब बसत नाही. तो तोटा खराखुरा असतो. बाजारभावाच्या बातम्यांत दर छापतात, ओलावा छापत नाहीत. त्यामुळे पाणी कोणते आणि तोटा कोणता, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

१४ हा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. दाण्यात याहून जास्त पाणी राहिले तर साठवणीत ढीग आतून तापतो आणि बुरशी धरते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृतावर घाव घालते आणि शिजवल्याने किंवा भाजल्याने नाहीसे होत नाही. भारताने याचा अनुभव १९७४ मध्ये घेतला आहे. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत मका हेच आदिवासी कुटुंबांचे मुख्य अन्न. त्या वर्षी अवेळी पावसात भिजलेला मका घरात साठवला गेला आणि तोच खाण्यात आला. कावीळ होऊन, पोटात पाणी साठून शंभरावर माणसे दगावली. तेच अन्न खाल्लेली घरची कुत्रीही मेली. आज अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार धान्यात अफ्लाटॉक्सिन किलोमागे १५ मायक्रोग्रॅमहून जास्त चालत नाही. बुरसटलेला मका जनावरांना घातला तर हे विष रूप बदलून दुधात उतरते, म्हणून दुधासाठीची मर्यादा आणखी कडक, किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. ‘माणसे खात नाहीत, ढोरांना चालेल’ असे म्हणून काळा पडलेला मका गोठ्यात टाकणारे घर तो दुधाच्या पेल्यातून परत घेत असते.

म्हणजे अट योग्य आहे. खटकते ते एवढेच की, ती पाळण्याचा सगळा भार, ज्याच्याकडे सिमेंटचे खळे नाही आणि ड्रायरही नाही, त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकला आहे.

सरकारी खरेदीची वाट अशी आहे. महाराष्ट्रात मुख्यतः राज्य सहकारी पणन महासंघ, म्हणजे मार्कफेड, आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ केंद्राच्या योजनेखाली मका घेते. गावपातळीवर काटा असतो तो बहुधा तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाकडे किंवा अन्य सहकारी संस्थेकडे. शेतकऱ्याने सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक देऊन आधी ऑनलाइन नोंदणी करायची. सातबाऱ्यावर मक्याचा पेरा दिसला पाहिजे, आणि २०२१ पासून हा पेरा ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमधून शेतकऱ्यानेच नोंदवायचा असतो. बांधावर रेंज नसल्यामुळे नोंद राहिली तर उभे पीक सरकारच्या लेखी नसल्यात जमा. किती घ्यायचे तेही जिल्ह्याच्या हेक्टरी सरासरी उत्पादकतेवर ठरते. सरासरीहून जास्त पिकवणाऱ्याचा उरलेला माल मोंढ्यातच जातो. मोबाइलवर संदेश आला की ठरल्या दिवशी माल न्यायचा. बारदाना संपणे, गोदाम भरणे, उद्दिष्ट पूर्ण झाल्याने काटा बंद होणे, हे या वाटेवरचे नेहमीचे थांबे.

आणि वेळ. मका घरात येतो दसऱ्याच्या आसपास, सरकारी काटा सहसा सुरू होतो दिवाळीनंतर. मधल्या काळात मजुरी भागवायची असते, सण असतो, रब्बीच्या गव्हा-हरभऱ्याचे बी-खत आणायचे असते. ज्याला थांबता येत नाही तो ओला मका मोंढ्यात नेतो आणि ज्याला थांबता येते तो हमीभाव घेतो. यात भेद घडतो तो अर्थात थांबण्याच्या ऐपतीने.

काट्यावर ओलावा मोजणाऱ्या मीटरचेही थोडे समजून घ्यावे लागते. दाण्यात पाणी किती यावर त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि यंत्र त्यावरून टक्केवारी दाखवते. दाणा उन्हातून नुकताच आलेला, तापलेला असेल तर आकडा हलतो. नमुना पोत्याच्या तोंडाचा घेतला की मध्यातला, यावरही तो बदलतो. प्रयोगशाळेत धान्य भट्टीत वाळवून आधीचे व नंतरचे वजन ताडतात, ती पद्धत अचूक. पण काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना ती कोण करणार? जुनी माणसे दाणा दाताखाली फोडून पाहतात. कट्ट आवाज आला तर वाळला. १४ आणि १६ मधला फरक मात्र दाताला कळत नाही, आणि माल परत नेण्याची वेळ येते ती याच दोन टक्क्यांवर.

मोंढ्यातला व्यवहार निराळा. तिथे लिलाव डोळ्याने आणि मुठीने होतो आणि ओलाव्याची वजावट भावातच धरली जाते. मराठवाड्यात बाजार नियमनाची परंपरा निजामाच्या राजवटीपासूनची. हैदराबाद संस्थानाचा बाजार कायदा १९३० चा. पुढे १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा आला आणि फुलंब्रीसारख्या बाजार समित्या आज त्याखाली चालतात. परवाना, उघड लिलाव, प्रमाणित वजन आणि अनधिकृत कपातीला बंदी ही या कायद्याची चौकट. ओल्या मालाच्या नावाखाली वजनात ‘कडता’ कापणे याच बंदीत मोडते. भाव कमी लावण्याला कायदा हरकत घेत नाही. वजन कमी धरण्याला घेतो. हा फरक माहीत असलेला शेतकरी काट्यापाशी उभा राहतो.

सरकारने घेतलेल्या मक्याचे पुढे काय होते? भरडधान्य केंद्रीय साठ्यात दीर्घकाळ ठेवण्याची पद्धत नाही. ते शक्यतो त्याच राज्यात रेशनवर वाटायचे असते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. कोरोनाच्या काळात राज्यातील काही जिल्ह्यांत गव्हाचा वाटा कमी करून मका दिला गेला, तेव्हा नाराजी झाली. मक्याची भाकरी ज्यांच्या सवयीची नाही त्यांनी तो बहुधा कोंबड्यांना घातला असेल. १९७२ च्या दुष्काळातली रेशनची लाल ‘मिलो’ ज्वारी आठवणाऱ्या पिढीला यात नवीन काही वाटले नसावे.

अलीकडे मक्याला इथेनॉलचे नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि पुढच्या महिन्यात मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१.८६ रुपये केला गेला. टनाला सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते, त्यामुळे डिस्टिलऱ्या बाजारात उतरल्या आणि भाव चढले. पुढे अन्न महामंडळाचा तांदूळ किलोला २२.५० रुपयांनी डिस्टिलऱ्यांना देण्यात आला. मक्याला स्वस्त पर्याय मिळाला आणि २०२५ च्या हंगामात मोंढ्यातले दर हमीभावाच्या बरेच खाली उतरले. एका हाताने हमीभाव वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच पिकाचा प्रतिस्पर्धी स्वस्त करायचा, हे एकाच सरकारच्या दोन खात्यांना जमते. बुरशीचा मका डिस्टिलरीत खपतो हा समजही अर्धाच खरा आहे. इथेनॉल निघून गेल्यावर उरलेला चोथा पशुखाद्यात जातो, आणि स्टार्च वजा झाल्यामुळे विषाचे प्रमाण त्यात सुमारे तिप्पट होते.

थांबण्याची ऐपत वाढवणारी एक योजना जुनीच आहे. राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना राबवते. मका बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने उचलायची आणि भाव आला की विकून फेडायची. दिवाळीही भागते, रब्बीही पेरली जाते. तरीही ही योजना ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या अनेकांपर्यंत पोचत नाही, कारण गोदामाच्या दारातही आधी ओलावा पाहतात आणि ओला मका आत घेत नाहीत.