मयसभेची पन्नास वर्षं

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चा दुसरा भाग २००६ साली आला. त्यातला डेव्ही जोन्स, हनुवटीखाली ऑक्टोपसच्या सोंडांची वळवळती दाढी असलेला तो कप्तान, आजही मोठ्या पडद्यावर कुठे खुपत नाही. बिल नाय या नटाने करडे कपडे घालून, चेहऱ्यावर ठिपके लावून ती भूमिका प्रत्यक्ष सेटवर केली होती. पडद्यावरचा जोन्स मात्र बुबुळांसकट संगणकातला. निदान डोळे तरी नटाचेच असणार, असं तेव्हा अनेकजण धरून चालले होते. त्यानंतर संगणकांचा वेग कितीतरी वाढला, आणि तरीही अलीकडचे काही अफाट खर्चाचे सुपरहीरोपट जोन्सपुढे प्लॅस्टिकचे वाटतात. म्हणून प्रश्न विचारला जातो, की दृश्य-करामतींचं हे तंत्र शिखर गाठून उतरणीला लागलं आहे का?

याचं उत्तर शोधायला जोन्स जिथे घडला त्या घरात जावं लागतं. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक, म्हणजे आयएलएम. १९७५ साली जॉर्ज लुकासला ‘स्टार वॉर्स’ काढायचा होता आणि फॉक्स कंपनीने आपला ट्रिकसीनचा विभाग मोडीत काढलेला होता. तेव्हा लुकासने लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसमध्ये एक गोदाम घेतलं आणि जॉन डायक्स्ट्राच्या हाताखाली तरुण मुलं जमवली. वर्षभर या मुलांनी मुख्यतः यंत्रंच बनवली. पैसा खर्च होत गेला आणि पसंत पडलेले शॉट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. लुकासचा धीर सुटत आला होता. शेवटी साडेतीनशेहून अधिक शॉट पुरे झाले आणि मे १९७७मध्ये चित्रपट लागला.

त्या वर्षाची कमाई म्हणजे डायक्स्ट्राफ्लेक्स हा कॅमेरा. अंतराळयानाचं मॉडेल जागेवर उभं राहायचं आणि रुळांवरचा कॅमेरा त्याच्याभोवती फिरायचा. फिरण्याची प्रत्येक हालचाल इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत नोंदलेली असल्यामुळे तीच चाल पुन्हा हुबेहूब करून घेता यायची. एका फेरीत यानाचा देह टिपायचा, दुसऱ्या फेरीत त्याचे दिवे, तिसऱ्या फेरीत आणखी काही. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर तंतोतंत बसायची.

या फेऱ्या एकत्र करायचं काम ऑप्टिकल प्रिंटरचं, आणि माझ्या मते आयएलएमची खरी गोष्ट या यंत्रात आहे. प्रोजेक्टर आणि कॅमेरा समोरासमोर ठेवलेले. आधी चित्रित झालेली फिल्म प्रोजेक्टरमधून एकेक फ्रेम पुढे सरकते आणि समोरचा कॅमेरा ती कोऱ्या फिल्मवर पुन्हा टिपतो. यान आकाशावर बसवायचं तर आधी आकाश छापताना यानाच्या आकाराची जागा काळी झाकायची, मग फिल्म मागे नेऊन त्याच जागी यान छापायचं. झाकण केसभर सरकलं की कडेला रेघ दिसायची. शिवाय दर छपाईत चित्र खरबरीत व्हायचं. त्यावर उपाय म्हणून या मंडळींनी व्हिस्टाव्हिजनचे जुने कॅमेरे हुडकून आणले. त्यात ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी धावते आणि फ्रेम जवळजवळ दुप्पट मोठी मिळते, त्यामुळे छपाईत थोडं गमावलं तरी चालतं.

१९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’पर्यंत एकेका शॉटमध्ये डझनावारी यानं उडू लागली आणि त्यातल्या प्रत्येकाची झाकणं वेगळी. १९८८च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये जिवंत नटांशेजारी हाताने काढलेली कार्टून पात्रं वावरली, हजाराहून अधिक शॉटमध्ये, आणि त्या पात्रांवरच्या सावल्या-उजेडाचे थर वेगळे छापून चढवलेले. तंत्राचं शिखर कसं दिसतं ते इथे दिसतं. यंत्र जे देऊ शकत होतं ते सगळं त्याने दिलं होतं, आणि थोडंसं अधिक मिळवायला मेहनत मात्र कैक पटींनी वाढली होती. पुढच्या पाच-सहा वर्षांत ऑप्टिकल प्रिंटर कोपऱ्यात गेला.

त्याच घरात डेनिस म्युरेन नावाचा कॅमेऱ्यामागे वाढलेला माणूस होता. मॉडेल, प्रकाश, धूर हे त्याचं जग. ‘द अबिस’मधला समुद्राच्या पाण्याचा सरपटता खांब १९८९ साली संगणकावर साधल्यावर त्याने साधारण वर्षभराची सुटी घेतली आणि संगणक-चित्रणाचं जाडजूड पुस्तक घेऊन बसला. ऑस्करांची रांग घरात असलेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हावं, याला मी या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना मानतो. १९९१ साली ‘टर्मिनेटर २’मधला वितळत्या धातूचा मारेकरी आला आणि १९९३ साली ‘जुरासिक पार्क’.

‘जुरासिक पार्क’ दोन तासांहून मोठा आहे, पण डायनोसॉर त्यात जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात आणि संगणकातले डायनोसॉर त्यातली साधारण सहा मिनिटंच. बाकी सगळे स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात घडवलेले यांत्रिक प्राणी. पावसाच्या प्रसंगात टी-रेक्सची फोमची कातडी पाणी पिऊन जड व्हायची आणि तो थोराड देह थरथरू लागायचा, म्हणून दोन टेकच्या मधे माणसं त्याला पुसून कोरडा करत. एकाच प्रसंगात कधी यंत्र दिसतं, कधी संगणक, आणि रात्र व पाऊस दोघांचे सांधे लपवतात. आधी या प्राण्यांचं काम फिल टिपेटकडे होतं, बाहुल्या फ्रेमगणिक हलवणाऱ्या कलावंताकडे. संगणकातल्या टी-रेक्सची चाल पाहून आपण आता नामशेष झालो असं त्याला वाटलं. पण दिग्दर्शक स्पीलबर्गने त्याला घरी पाठवलं नाही. टिपेटच्या माणसांसाठी सांध्यांमध्ये सेन्सर बसवलेला डायनोसॉरचा सांगाडा तयार करण्यात आला. हाताने सांगाडा हलवायचा आणि संगणकाने ती हालचाल नोंदवायची. प्राणी वजन कुठल्या पायावर टाकतो, वळण्याआधी मान कशी फिरवतो, हे त्या हातांना ठाऊक होतं.

संगणकातलं चित्र खरं दिसायला लावणं हा प्रश्न पुढच्या वीसेक वर्षांत बहुतांशी सुटला. लाटा, धूर, कोसळत्या इमारती, वाघाच्या अंगावरची लव आणि मिशा, हे सगळं आता जमतं. म्हणजे दृश्य खरं भासवण्यापुरतं बोलायचं तर हे तंत्र पठारावर आलं आहे, असं मला वाटतं. गेम्समध्ये तर हे फारच स्पष्ट दिसतं. १९९६च्या ‘टूम रेडर’मधली लारा क्रॉफ्ट टोकदार त्रिकोणांची बनलेली होती आणि आठच वर्षांनी आलेल्या ‘हाफ-लाइफ २’मधली माणसं डोळ्यांनी बोलत होती. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ २०१८ साली आला, आणि त्यातल्या चिखलापेक्षा फार अधिक खरा चिखल त्यानंतरच्या खेळांत दाखवायला कष्ट पडतात. खर्च आणि बनवण्याची वर्षं वाढत जातात, खेळणाऱ्याला जाणवणारा फरक आटत जातो.

माणसाचा चेहरा तेवढा अजून हातातून निसटतो. ‘रोग वन’मध्ये २०१६ साली आयएलएमने ‘स्टार वॉर्स’मधला पीटर कुशिंगचा टार्किन पुन्हा उभा केला, नट जाऊन २२ वर्षं झाल्यावर. स्थिर फ्रेममध्ये तो अचूक आहे. बोलू लागला की पाहणारा अस्वस्थ होतो. ‘द आयरिशमन’मध्ये रॉबर्ट डी नीरोचा चेहरा तरुण झाला, पण रस्त्यावर एका माणसाला लाथा घालतानाचं त्याचं शरीर पंच्याहत्तरीचंच राहिलं. जोन्स सुटला, कारण ऑक्टोपसची दाढी असलेला माणूस आपण कुणी पाहिलेला नाही.

पठारावर आल्यावर आयएलएमने काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. ‘द मँडलोरियन’ या २०१९च्या मालिकेसाठी सुमारे वीस फूट उंचीची, नटांना जवळजवळ वेढून उभी असलेली एलईडीची भिंत बांधली गेली. तिच्यावरचं वाळवंट अनरिअल या गेमच्या इंजिनातून येत होतं. चित्रपटातली एक फ्रेम संगणकावर बनायला तासन् तास लागू शकतात. गेमच्या इंजिनाला ती सेकंदाच्या छोट्या अंशात द्यावी लागते. म्हणून कॅमेरा हलला की भिंतीवरचं दृश्यही त्या कोनानुसार लगेच सरकायचं, आणि नायकाच्या चकचकीत चिलखतावर तिथलाच संधिप्रकाश पडायचा. पांडवांच्या सभेत मयासुराने जमिनीवर पाण्याचा भास उभा केला होता, तसा इथे उजेडाचा भास आहे, मात्र या उजेडात माणसं खरोखर न्हाऊन निघतात. याच मालिकेतल्या नायकाच्या यानासाठी आयएलएमने पुन्हा हाताने मॉडेल बनवलं, आणि ते चित्रित करायला जॉन नॉलने आपल्या गॅरेजमध्ये नोंदलेल्या चालीने फिरणारी कॅमेऱ्याची यंत्रणा उभारली. नॉल म्हणजे भावासोबत फोटोशॉप घडवणारा माणूस. जुनी यंत्रं कालबाह्य ठरतात, पण त्यांनी शिकवलेली नजर कामाला येते.

मग आजचे इतके शॉट का फसतात? मला दोष वेळेचा आणि व्यवहाराचा दिसतो. भिंतीवर काय दिसणार हे चित्रीकरणाआधीच ठरवावं लागतं, जोन्स सेटवर प्रत्यक्ष उभा होता म्हणून त्याच्याभोवतीचा उजेड ठरलेला होता. हिरव्या पडद्यापुढे मात्र सगळंच पुढे ढकलता येतं. पोशाख, शेवट, कधी कधी पात्रसुद्धा. या चालढकलीची किंमत पुष्कळदा करामती करणाऱ्या कंपन्या मोजतात, कारण त्यांनी काम बहुधा ठरावीक रकमेत घेतलेलं असतं. रिदम अँड ह्यूजने ‘लाइफ ऑफ पाय’चा वाघ घडवला. लॉस एंजेलिसच्या या कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादमध्येही होते. फेब्रुवारी २०१३मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. सोहळ्याबाहेर शेकडो कलावंत निदर्शनं करत होते. आत पुरस्कार घेणारा बिल वेस्टनहोफर आपल्या कंपनीच्या अडचणीबद्दल बोलू लागला आणि ‘जॉज’च्या संगीताने त्याचं भाषण आटोपतं घेतलं गेलं. बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०२५मध्ये, याच धंद्यातला टेक्निकलर समूह कोसळला आणि त्याच्या भारतातल्या स्टुडिओंमधली मुलं एका फटक्यात रस्त्यावर आली.

आयएलएमने २०२२ साली मुंबईत स्टुडिओ उघडला. त्याआधी वर्षानुवर्षं या शहरात हॉलिवूडचं रोटोचं काम येत आलं आहे. नटाच्या देहाची कड फ्रेमगणिक आखून त्याला पार्श्वभूमीपासून सुटा करायचं, म्हणजे ऑप्टिकल प्रिंटरचं तेच झाकण, आता माऊसने काढलेलं. कंटाळवाणं आणि कमी मोबदल्याचं काम. पण हजारो फ्रेम डोळ्यांखालून गेल्यावर केसांची कड उजेडात कशी विरघळते, धावत्या हाताचा आकार किती पुसट होतो, हे मुलांना कळतं, आणि त्यांतली काही पुढे थर जुळवणारे कॉम्पोझिटर होतात, सुपरवायझर होतात. आता हे आखणं कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे, आणि कष्टाचा तो भाग गेला तर मला आनंदच आहे. पण नव्या मुलाची नजर घडायची जागाही तीच होती. तिच्या बदल्यात स्टुडिओंनी त्याला पगारी शिकाऊ म्हणून घ्यावं, पहिल्या वर्षापासून सुपरवायझरच्या शेजारी बसवावं आणि सेटवर नेऊन खरा प्रकाश पाहायला लावावं. त्याचा खर्च शॉटच्या बोलीतच धरला गेला पाहिजे.