वहिवाट आणि नवी आखणी

आपल्या शहराचे नाव 1964 च्या सुमारास चांदा बदलून चंद्रपूर झाले, याला आता साठ वर्षे होऊन गेली. तरी रेल्वेच्या एका स्थानकावर ‘चांदा फोर्ट’ ही पाटी अजून आहे आणि खेड्यापाड्यातला माणूस आजही ‘चांद्याले जातो’ असेच म्हणतो. त्याचा नव्या नावावर राग असतो असे नाही. जुने नाव त्याच्या जिभेला वळणी पडलेले असते, एवढेच. परंतु नाव बदलणे निराळे आणि व्यवस्था बदलणे निराळे. नाव बदलले तरी रस्ता तोच राहतो. व्यवस्था बदलली म्हणजे रस्ताच बदलतो, आणि मग जिभेबरोबर पायही अडखळतात. अशा वेळी वापरणारांकडून जी कुरकुर उठते, तिच्यात हट्ट किती आणि शहाणपण किती, हे कसे ओळखावे, असा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे. त्यासाठी उदाहरण लांबून आणण्याची गरज नाही. ताडोबा आपल्या उशाशीच आहे.

ताडोबाची आखणी एकदाच झाली आणि संपली, असे नाही. ती थराथरांनी होत आली आहे. 1955 साली सुमारे 116 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. 1986 साली त्याला लागून अंधारी अभयारण्य जाहीर झाले. 1995 साली दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला आणि त्याचे क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटर भरले. 2010 साली त्याच्या भोवती अकराशे चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आखले गेले. प्रत्येक वेळी नकाशावर एक नवी रेघ ओढली गेली, आणि प्रत्येक रेघेच्या खाली कोणाची ना कोणाची वहिवाट आली.

या वहिवाटदारांतला पहिला मान भाविकांचा. तळ्याकाठी तारू देवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या गावप्रमुखाचे ते ठाणे, अशी आख्यायिका आहे, आणि पौषात तेथे यात्रा भरे. आज ज्याला आपण पर्यटन म्हणतो त्याच्या कितीतरी आधीपासून या जंगलात प्रवासी येत होते. त्यांचा हेतू तेवढा निराळा होता. दुसरे वहिवाटदार म्हणजे जंगलातील गावकरी. नवेगाव, जामणी यांसारखी गावे गाभ्यातून उठून बाहेर वसली. बफरमधील गावे जागच्या जागीच राहिली, परंतु सरपण, मोहफुले आणि तेंदूपत्ता यांसाठी जाण्याच्या त्यांच्या वाटा बदलल्या. तिसरे म्हणजे गाइड आणि जिप्सीचालक, आणि चौथे आपण, म्हणजे पाहायला जाणारे लोक.

आपल्या बाबतीत बदल कोणता झाला? एके काळी चंद्रपूरचा माणूस सकाळी मनात आले की मोहर्लीच्या वाटेला लागे. फाटकावर पावती फाडावी, गाइड सोबत घ्यावा आणि आपलीच मोटार घेऊन आत जावे, अशी सोय होती. पुढे खाजगी मोटारी बंद झाल्या, ठरावीक गेटांतून ठरावीक संख्येने जिप्सी सोडण्याचा नियम आला आणि आरक्षण महाजालावर गेले. आता काही महिने आधी दिवस, वेळ आणि गेट निवडावे लागते, ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, आणि तेच ओळखपत्र गेटवर दाखवावे लागते. 2018 च्या अखेरीस गाभा क्षेत्रात मोबाइल नेण्यासही मनाई झाली. त्याआधी 2012 च्या 24 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने देशातील व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांत पर्यटन तात्पुरते थांबविले होते. ऑक्टोबरातला हंगाम उघडणार की नाही, या चिंतेत जिप्सीच्या चाकावर पोट असलेल्यांचे पावसाळ्याचे दिवस गेले. 16 ऑक्टोबरला मनाई उठली. मात्र गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये, हे बंधन मार्गदर्शक सूत्रांतून आले ते आलेच.

या सर्व बदलांविरुद्ध तक्रारी झाल्या, आणि त्या एकाच तोंडाने बोलल्यासारख्या वाटतात: ‘पूर्वी बरे होते.’ वास्तविक या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या सोडवून पाहिल्याखेरीज तक्रारीचे मोल ठरत नाही.

पहिली गोष्ट सवयीची. कोणतीही व्यवस्था वापरता वापरता माणूस तिच्याविषयी बारीकसारीक ज्ञान जमवितो. कोणत्या गेटवर गर्दी कमी, कोणत्या महिन्यात कोणत्या पाणवठ्यावर थांबावे, कोणाला आधी विचारावे, हे कोठे लिहिलेले नसते. आखणी बदलली की ही कमाई एका रात्रीत खोट्या नाण्यासारखी होते. जो जुना आणि जाणता, त्याचे नुकसान सर्वांत मोठे. नवखा माणूस नव्या व्यवस्थेला चटकन सरावतो, कारण त्याला विसरायचे काहीच नसते. म्हणून सर्वांत मोठा आवाज जुन्या जाणत्यांचा निघाला तर नवल नाही. हे दुःख खरे असते, पण ते टिकाऊ नसते. मोबाइलबंदीचेच पाहा. वाघ दिसताच एका जिप्सीतून दुसऱ्या जिप्सीला खबर जावी आणि एकाच वळणावर गाड्यांची रांग लागावी, हा प्रकार थांबविण्यास ती उपयोगी होती. आज मोबाइल गेटवर ठेवून आत जाणारा माणूस दोन तास हात रिकामे ठेवून झाडे पाहतो, आणि पुष्कळांना ते आवडूही लागले आहे.

दुसरी गोष्ट भाराच्या बदलीची. पुष्कळदा सुधारणेमुळे एकूण त्रास कमी होत नाही. तो एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. महाजालावरील आरक्षणाने फाटकावरची रांग गेली, ओळखीपाळखीने आत शिरण्याची वाट अरुंद झाली, हा लाभ मान्य केलाच पाहिजे. परंतु मुंबई-पुण्याचा प्रवासी चार महिने आधी बेत आखतो. त्याला ते भागच असते, कारण त्याला रजा काढून हजार किलोमीटरच्या घरात प्रवास करून यायचे असते. चंद्रपूरच्या मास्तराचा किंवा दुकानदाराचा बेत आदल्या रात्री ठरतो. त्याने पाहावे तो जागा भरलेल्या. जंगल सर्वांत जवळ ज्याच्या, गेट सर्वांत दूर त्याच्याच, असे झाले. ही तक्रार सवयीची नव्हे, हिशेबाची आहे. ती वर्षे गेली म्हणून विरत नाही.

तिसरी गोष्ट न विचारल्याची. बदल योग्य असला, भारही वाजवी असला, तरी तो फाटकावरच्या पाटीतून कळला तर माणूस दुखावतो. घरातल्या सुनेने चुलीची दिशा बदलली तर सासूबाई रागावतात. त्यांचा राग दिशेवर थोडा आणि न विचारण्यावर फार असतो.

या तिन्ही गोष्टींना एक सोपी कसोटी लावता येते, ती काळाची. सवयीची तक्रार महिन्यागणिक कमी होते. हिशेबाची तक्रार आहे तशीच राहते, किंबहुना आकडे हाती येतात तशी ती धारदार होते. आणि न विचारल्याची तक्रार दबून राहते, पण पुढच्या बदलाच्या वेळी व्याजासह बाहेर येते.

तक्रार करणारा माणूस पुढे काय करतो, हाही विचार करण्यासारखा विषय आहे. आल्बर्ट हर्षमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली या विषयावर एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, बिघडत चाललेल्या व्यवस्थेपुढे माणसाला दोन वाटा असतात. एक, सोडून जाणे; दुसरी, बोलणे. नायजेरियात रेल्वेचा कारभार ढासळत असता व्यापारी माल ट्रकांनी नेऊ लागले. ज्यांना चांगल्या सेवेची चाड होती तेच आधी निघून गेले, आणि मागे बोलणारा कोणी उरला नाही. म्हणून रेल्वे सुधारली नाही. तात्पर्य, कुरकुरणारा माणूस हा शत्रू नव्हे. तो अजून थांबलेला आहे, हेच त्याच्या कुरकुरीचे प्रमाण होय.

सोडून जाण्याचेही एक बोलके उदाहरण प्रवाशांच्याच जगातले आहे. 2003 साली ‘विकिट्रॅव्हल’ नावाचा प्रवासकोश महाजालावर सुरू झाला. गावोगावची माहिती प्रवाशांनीच लिहावी आणि ती सर्वांना मुक्त असावी, अशी त्याची रीत होती. 2006 साली तो एका कंपनीने विकत घेतला. तेव्हा जर्मन लेखकमंडळी बाहेर पडली आणि त्यांनी ‘विकिव्हॉयेज’ काढला. पुढे 2012 साली इंग्रजी लेखकमंडळींतील पुष्कळांनीही तीच वाट धरली, आणि 2013 च्या जानेवारीत तो कोश विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली रीतसर सुरू झाला. मालकाजवळ नाव राहिले, लिहिणारे हात निघून गेले. मजकूर मुक्त परवान्याचा होता, म्हणून त्यांना तो बरोबर नेता आला.

परंतु जंगल बरोबर नेता येत नाही. आगरझरीच्या शेतकऱ्याला ताडोबा आवडला नाही म्हणून दुसरा ताडोबा काढता येत नाही. त्याला सोडून जाण्याची वाट नाही, तेव्हा त्याचे बोलणे ऐकण्याची जबाबदारी आखणी करणाऱ्यावर दुप्पट येते.

हे ऐकणे व्यवहारात जमते काय? याचे उत्तर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने दिले आहे. देवाजी तोफा यांच्यासारखे गावचे पुढारी आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात या गावाने दोन गोष्टी घडविल्या. एक अभ्यासगट आणि दुसरी ग्रामसभा. अभ्यासगटात माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, वाटेल तितका वाद घालायचा. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध राहिला तरी निर्णय पुढे ढकलायचा. वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जंगलाच्या वापराची नवी आखणी तेथेही झाली, नियम तेथेही आले. फरक इतकाच की नियम करणारे आणि पाळणारे एकच होते.

कोणी म्हणेल, शेसव्वाशे घरांच्या गावात हे ठीक आहे. लाखो प्रवाशांची सर्वसहमती कशी घ्यायची? आक्षेप रास्त आहे. सर्वांची संमती घेणे शक्य नाही, आणि वाघाला मतदान करता येत नसल्यामुळे ते इष्टही नाही. वीस टक्क्यांची मर्यादा प्रवाशांच्या मतावर सोडली असती तर ती कधीच आली नसती. परंतु मेंढ्यातली रीत दोन भागांची आहे हे विसरू नये. निर्णयाची रीत सर्वत्र नेता येणार नाही. अभ्यासाची रीत नेता येईल. बदल करण्याआधी त्याचे कारण सांगावे. जुनी वाट एका हंगामापुरती नवीबरोबर उघडी ठेवावी. गेटवरचा गाइड, जिप्सीवाला आणि बफरमधला गावकरी यांना हंगामानंतर एकत्र बसवून विचारावे, आणि त्यांच्या कोणत्या सूचना घेतल्या, कोणत्या नाकारल्या, कशासाठी नाकारल्या, हे जाहीर करावे. नकाराचे कारण कळले तर माणूस नकारही पचवितो.

आपल्याकडेही एक कर्तव्य येते. ‘पूर्वी बरे होते’ ही तक्रार नव्हे, तो उसासा आहे. कोणत्या गेटवर, कोणत्या दिवशी, काय अडले आणि कोणाचे किती नुकसान झाले, हे नेमके सांगितले तरच ते ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडते. आणि सांगण्याआधी स्वतःला विचारावे, की आपले दुखणे सवयीचे आहे की हिशेबाचे?

हा प्रश्न सहलीच्या सोयीपुरता नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ वाढले आहेत आणि वाघाच्या हल्ल्यात शेतावर, मोहाखाली, तेंदूपत्त्याच्या खळ्याच्या वाटेवर माणसे मरत आहेत. अशा मुलखात व्याघ्रप्रकल्पाचे खरे कुंपण तारेचे नसते. बफरमधल्या गावकऱ्याचे मन हेच ते कुंपण. नकाशावरची रेघ कार्यालयात एका दिवसात ओढता येते. हे कुंपण मात्र विचारपूस करीत, वर्षानुवर्षे विणावे लागते.