सरकणारी आणि चावणारी गाठ

आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्यात बाळहिरडा काढायला लोक झाडावर चढतात. अशा कामाला प्रुसिक गाठ उपयोगी पडावी. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१ साली मांडली. जाड दोराभोवती बारीक दोरीच्या कड्याचे तीन वेढे घालायचे, तेही शेजारी-शेजारी. एकावर एक चढले की गाठ फसवते. भार नसताना ती बोटांनी वर सरकते; कमरपट्ट्याचा भार पडला की दोराला चावते. खरी किरकिर उतरताना. भार असेपर्यंत प्रुसिक हलता हलत नाही. म्हणून झाडकामवाले ब्लेकची गाठ पसंत करतात. ती भारासकट सरकवता येते. मात्र भरकन उतरलं, तर घर्षणाने नायलॉन वितळतं. वेढ्यांवर काचेसारखी चकाकी दिसली, की ती दोरी गुरं बांधायला.