ओट्यावरची कबड्डी

डिसेंबरातली सकाळ. कापूस वेचायला बाया जायच्या होत्या, डबे बांधून तयार होते. आणि आम्ही पाच जणी ओट्यावर एका मोबाईलभोवती गोळा झालो होतो. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. त्यात बोटाएवढी माणसं इकडून तिकडे धावत होती. सासूबाईंना चष्म्यातूनही धड दिसेना.

"आपलं पोट्टं कोन्तं वं त्यातलं?"

"तो बघा आत्याबाई, डावीकडच्या कोपऱ्यातला. गुडघ्याला पट्टी बांधलेला."

"पट्टी काहून बांधली? लागलं का त्याले?"

झालं! पुढची पाच मिनिटं आमच्या जाऊबाई सामना सोडून पट्टीच्याच काळजीत.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आहे आमच्या धामणगाव बढ्याच्या घरातली. माझा पुतण्या, ज्याला घरात सगळे बापू म्हणतो, तो बाहेरगावी कॉलेजात शिकतो आणि त्याची विद्यापीठाच्या कबड्डी संघात निवड झाली. विद्यापीठाचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण पोरगं फार लाजाळू आहे. "काकू, पेपरात माझं नाव टाकू नको हं," असं त्यानं आधीच बजावलंय.

त्या वर्षापर्यंत मला आंतरविद्यापीठ स्पर्धा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पोरगा कॉलेजकडून खेळतो एवढंच माहीत. मग त्यानंच फोनवर समजावलं. आधी कॉलेजा-कॉलेजांत सामने होतात. म्हणजे आपला बुलढाणा जिल्हा अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात येतो, तसे अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशीमही त्यातच. एवढ्या सगळ्या कॉलेजांतून निवड चाचणी घेऊन विद्यापीठाचा एक संघ करायचा. बारा गडी. सात मैदानात, पाच राखीव. मग देशाचे चार विभाग. आपण पश्चिम विभागात. तिथे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश अशा राज्यांतली विद्यापीठं येतात. आधी हरला की घरी, अशा पद्धतीनं सामने. शेवटी चार संघ उरले की ते चौघं एकमेकांशी खेळतात. प्रत्येक विभागातले हे पहिले चार मग अखिल भारतीय स्पर्धेला जातात. हे सगळं भारतीय विद्यापीठ संघ ही दिल्लीची संस्था ठरवते.

"म्हणजे बापू, हजारो पोरांतून तुम्ही बारा?" मी विचारलं.

"हो काकू."

मी फोन ठेवला आणि जाऊबाईंना म्हटलं, "ताई, आज गोड करा काहीतरी."

स्पर्धा होती परराज्यात. घरातले पुरुष आणि गावातली चार-पाच पोरं मलकापूरहून रेल्वेनं गेली. आम्ही बायांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खारोड्या, चिवडा बांधून दिला. गाडी निघून गेल्यावर जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आपल्यालाबी पाह्यला भेटला असता तर…" माझ्याही मनात तेच होतं. पण म्हणायचं कोणी?

तेवढ्यात तायडी, म्हणजे बापूची धाकटी बहीण, मोबाईल घेऊन आली. "आई, काकू, यूट्यूबवर दाखवणार हायेत. मॅचचा नंबर माहीत पाहिजे फक्त."

असा आमचा ओटा सुरू झाला. पहिल्या दिवशी आम्ही तिघी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. तिसऱ्या दिवशी समोरची नवी सूनबाई डोक्यावरचा पदर सावरत, "साखर मागायला आले होते," म्हणत बसली ती शेवटपर्यंत उठली नाही! साखरेची वाटी तशीच रिकामी.

टीव्हीवरच्या कबड्डीसारखं इथे काही नव्हतं बरं. प्रो कबड्डीत, २०१४ पासून आपण सगळ्यांनी पाहिलंय, दहा बाजूंनी कॅमेरे, दिवे, मोठ्यानं बोलणारा माणूस. इथे एकच कॅमेरा, तोही एका कोपऱ्यात रोवलेला. पंचांची पाठ मध्ये आली की अर्धं मैदान गायब. गुण किती झाले ते दिसायचं नाही. मध्येच नेट जायचं, मग तायडी मोबाईल घेऊन गच्चीवर पळायची आणि आम्ही सगळ्या तिच्यामागे जिन्यानं. सासूबाई खालून ओरडायच्या, "धरलं का वं? सांगा नं कोणी!"

पण खरं सांगू? नियम आम्हाला कोणी शिकवावे लागले नाहीत. चढाईला तीस सेकंद. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस. सगळे बाद केले की लोण आणि दोन गुण जास्तीचे. तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर तिचाही एक गुण जादा. शेजारच्या वहिनी तर पंचापेक्षा कडक. "रेषेला हात लागला, मी पाह्यला! तो बाद नाही!" आणि खरंच, दुसऱ्या क्षणी पंचानं गुण दिला.

मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला इतकं कसं कळतं?"

त्या हसल्या. "सातवीपर्यंत शाळेच्या संघात होती मी. उजवा कोपरा."

मी पाहतच राहिले. वीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही. पापड एकत्र लाटले, कुरडया एकत्र केल्या, आणि ही बाई कबड्डी खेळायची हे मला माहीत नव्हतं! मग एकेकीची गोष्ट बाहेर पडली. सूनबाई खो-खो खेळायची, तालुक्यापर्यंत गेली होती. जाऊबाई नदीच्या वाळूत भावांबरोबर हुतूतू खेळायच्या. मी स्वतः आठवीत शाळेच्या मैदानावर चढाई करून आले आणि घरी आईनं सांगितलं, "आता बस झालं. मोठी झालीस." मी का म्हणून विचारलंही नाही. त्या काळी विचारायची रीतच नव्हती. सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सगळ्याइचं असंच झालं वं."

बापूचा संघ त्या वर्षी बरंच पुढे गेला. पण अखिल भारतीय स्पर्धेत पोचल्यावर एका सामन्यात शेवटच्या मिनिटाला सगळं हातचं गेलं. चार गुणांनी हरले. बापूचीच पकड सुटली होती. समोरचा चढाईवाला त्याच्या हातातून निसटून मध्यरेषेवर पडला आणि ओट्यावर कोणी बोलेना. जाऊबाईंनी मोबाईल पालथा ठेवला आणि त्या चुलीकडे गेल्या.

रात्री बापूचा फोन आला. आवाज बसलेला. "आई, माझ्यामुळे गेली मॅच."

जाऊबाई काय बोलतील याची मला धास्ती होती. त्या म्हणाल्या, "आम्ही पाह्यलं बापू. तू आधी त्याले तीनदा धरला होता, तेबी पाह्यलं. जेवला का?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "तुम्ही पाहत होता?" त्याला वाटलं होतं, गावाकडून आलेली माणसंच काय ती पाहतात. घरच्या बाया रोज सकाळी कामं उरकून बसत होत्या, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती तुम्हाला सांगितलीही नसती.

पुढच्या वर्षी तायडीची निवड झाली. ज्या तायडीनं आम्हाला मॅचचा नंबर शोधून दिला, गच्चीवर नेट धरून उभी राहिली, तीही तिच्या कॉलेजच्या मैदानावर खेळत होती. विद्यापीठाच्या मुलींच्या संघात तिचं नाव आलं. मुलींची विभागीय स्पर्धाही परराज्यात. मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी भरते. आठ दिवस बाहेर राहायचं.

भासऱ्यांनी एका शब्दात सांगितलं, "नको."

तायडी काही बोलली नाही. ताट तसंच ठेवून आत गेली. जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला. आणि मला आठवीतली मी दिसली.

आमच्या घरात मी भासऱ्यांशी समोरासमोर कधी बोललेली नाही. काही सांगायचं तर जाऊबाईंकडून, नाही तर यांच्याकडून. पण त्या रात्री मी ओसरीत गेले. पाय लटपटत होते, उगाच कशाला खोटं सांगू!

म्हटलं, "भाऊजी, एक विचारू? ७ ऑक्टोबर २०२३ ला आशियाई स्पर्धेत आपल्या पोरांनी इराणला हरवून कबड्डीचं सोनं जिंकलं. ३३-२९. मध्ये भांडण झालं, सामना थांबला, तेव्हा तुम्ही जेवायला उठला नव्हता. त्याच दिवशी आपल्या पोरींनीही सोनं जिंकलं. चिनी तैपेईविरुद्ध २६-२५. एका गुणानं! आणि भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक तेच होतं, पोरींचं. ते आपल्या घरात कोणी पाहिलं?"

ते गप्प. मी पुढे म्हटलं, "२०१२ मध्ये पाटण्याला मुलींचा पहिला विश्वचषक आपण जिंकला. त्यात आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या, अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के. त्यांनाही घरून कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा पाठवलंच असेल नं?"

भाऊजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग विचारलं, "सोबत बाई कोणी आहे का?"

हा प्रश्न मला आवडला, कारण तो काळजीचा होता. मी कॉलेजातल्या बाईंना फोन लावून दिला. मुलींच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून बाई असतात. राहायची सोय कुठे, गाडी कोणती, परत कधी, खर्च कोणाचा, सगळं त्यांनी सांगितलं. फोन ठेवून भाऊजी म्हणाले, "तिला म्हणा, जेवून घे."

बस, एवढंच. पण तायडीनं त्या रात्री तीन भाकरी खाल्ल्या!

तिच्या सामन्यांचं मात्र कुठेही थेट प्रक्षेपण नव्हतं. आम्ही ओट्यावर बसलो होतो, पिठाचा डबाही होता, पण मोबाईलवर दिसायला काहीच नव्हतं. मग बाई मध्यंतराला मेसेज टाकायच्या, "१४-११, आपण पुढे." आम्ही त्या एका ओळीवर अर्धा तास काढायचो. दुसऱ्याच फेरीत त्यांचा संघ हरला. तायडी घरी आली ती कोपर सोललेलं घेऊन. जाऊबाई हळद घेऊन धावल्या. आणि भाऊजींनी ओसरीतूनच विचारलं, "गुण किती घेतले तू?"

"सहा, आबा."

"पकडले किती वेळा?"

मग बापलेक अर्धा तास बोलत बसले. असं मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात, शेजारात एखादं पोरगं किंवा पोरगी कॉलेजच्या संघात असेल. कॉलेजातल्या शारीरिक शिक्षणाच्या सरांना, बाईंना एक फोन करा. निवड चाचणी कधी, स्पर्धा कुठे, प्रक्षेपण आहे का, विचारा. ते आनंदानं सांगतात. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, हेही माहीत असू द्या. पण नुसतं खेळलं म्हणून ते मिळत नाही. कोणत्या स्पर्धेतलं पदक चालतं, प्रमाणपत्राची पडताळणी कुठे करायची, हे आधीच विचारून घ्या. नाहीतर पोरं कागद घेऊन हिंडत राहतात. आणि नोकरी लागो न लागो, मुलाची मॅच पाहाल तशी मुलीचीही पाहा. दिसत नसेल तर फोनवर विचारा. कोणीतरी पाहतंय, हे त्यांना कळू द्या.

यंदा तायडीचं शेवटचं वर्ष. पुन्हा निवड चाचणी आहे. परवा सासूबाईंनी भाऊजींना बोलावून सांगितलं, "पोरीची मॅच त्या मोबाईलमधी दाखवत नाहीत म्हणे. तू जाय, अन् काढून आण."

भाऊजींनी रेल्वेचं वेळापत्रक मागवलंय. आणि शेजारच्या वहिनी मला हळूच विचारत होत्या, "आपल्यालाबी दोन तिकिटं काढता येतील का वं?"