बांधावरील उंच कुंपण आणि शेजारधर्म

जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि यावल हे तालुके केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. उन्हाळ्यात तेथे उष्ण वारे वाहतात व पावसाळ्याच्या तोंडावर वावटळी सुटतात. वाऱ्याने केळीची पाने फाटतात, आणि घडाच्या भाराने वाकलेले झाड एका झोतासरशी मोडून पडते. म्हणून बागाईतदार बागेभोवती शेवरीचे दाट कुंपण वाढवितो. ही शेवरी पाहता पाहता दोन पुरुष उंच होते. बागेला तिचा आधार होतो. परंतु बांधापलीकडच्या शेतकऱ्याच्या हरभऱ्याची कडेची तासे पिवळी पडतात. तेथूनच तंट्याला सुरुवात होते.

असा तंटा क्षुल्लक मानून चालणार नाही. प्रथम बोलणे तुटते, पुढे पाण्याची पाळी अडते, बैलाचा सावड मोडतो, आणि एखाद्या रात्री कुंपणावर कुऱ्हाड चालते. म्हणून दोन्ही बाजूंचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

नुकसान किती व कोणाचे?

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खानदेशात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व क्षितिजापासून सुमारे 45 अंशच वर येतो. त्यामुळे झाडाची उंची तेवढीच त्याची सावली उत्तरेकडे पडते. सकाळ-संध्याकाळी ती याहून लांबते. कुंपण 15 फूट उंच असेल, तर त्याच्या उत्तरेचा सुमारे 15 फुटांचा पट्टा ऐन रब्बीत उन्हाला मुकतो. एक एकराच्या चौरस शेताची एक बाजू सुमारे 209 फूट भरते. म्हणजे सावलीखाली येणारी जमीन जवळजवळ तीन गुंठे झाली. चाळीस गुंठ्यांच्या धन्याला हे नुकसान जाणवल्यावाचून राहत नाही. शिवाय कुंपणाची मुळे काळ्या जमिनीतील साठलेली ओल ओढून घेतात, आणि दाट फांद्यांत बसणारी पाखरे ज्वारीच्या कणसांवर उतरतात.

जून महिन्यात मात्र सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळची सावली अगदी आखूड होय. दक्षिणोत्तर बांधावरील कुंपणाची सावली सकाळी पश्चिमेस व दुपारनंतर पूर्वेस पडते, म्हणजे ती दोघांत वाटली जाते. यावरून असे दिसते की, खरा तंटा बहुधा बागेच्या उत्तर बांधाचा असतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वारा अडविणाऱ्या रांगेमुळे तिच्या आडोशास उंचीच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो. वारा कुंपणावरून शेजाऱ्याच्या शेताकडे वाहत असेल, तेव्हा हा लाभ त्यालाही मिळतो. मात्र कुंपण भिंतीसारखे बंद असू नये. थोडा वारा गाळून जाऊ देणारे कुंपण अधिक उपयोगी, कारण बंद कुंपणापलीकडे वारा भोवऱ्यासारखा खाली उतरतो.

तडजोडीचे उपाय

1. पश्चिम व दक्षिण बांधावरील कुंपण उंच राखावे. उत्तर बांधावर ते पाच-सहा फुटांवर छाटावे, किंवा शेवरीची ओळ हद्दीपासून सात-आठ फूट आत, स्वतःच्या जमिनीत घ्यावी.

2. ऑक्टोबरमध्ये, रब्बीची पेरणी होण्यापूर्वी, शेंड्यांची छाटणी करावी. उन्हाळी वारे सुरू होईपर्यंत शेवरी पुन्हा फुटून वर येते.

3. हद्दीच्या आत, कुंपणापासून सुमारे तीन फुटांवर, एक फूट रुंद व दोन ते तीन फूट खोल चर खणून शेजाऱ्याकडे जाणारी मुळे तोडावी व चर पुन्हा बुजवावा. दोन-तीन वर्षांनी हे काम पुन्हा करावे. दोन्ही बाजूंची मुळे एकाच वेळी तोडू नयेत. झाडे वाऱ्याने कलंडतात.

4. छाटलेला शेवरीचा पाला शेळ्यांना उत्तम चारा आहे व हिरवळीचे खत म्हणूनही चालतो. त्यातील अर्धा वाटा शेजाऱ्याला द्यावा.

5. केवळ गुरे अडविणे एवढाच हेतू असेल, तर करवंद किंवा सागरगोटा यांचे बुटके काटेरी कुंपण पुरेसे होते.

कार्यकर्त्याचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने चावडीवर बसून निवाडा देऊ नये. दोघांना घेऊन दुपारी बांधावर जावे, सावली काठीने मोजून दाखवावी आणि पिवळी तासे त्यांच्यासमोर मोजावी. मोजलेल्या गोष्टीवर भांडण फार काळ टिकत नाही. ठरलेली उंची, छाटणीचा महिना, खर्च व पाल्याची वाटणी हे सर्व कागदावर लिहून दोघांच्या सह्या व दोन साक्षी घ्याव्या.

हद्दच वादात असेल, तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून प्रथम मोजणी करून घ्यावी. मोजणीपूर्वी कोणीही झाडास हात लावू नये. बांधावर आंबा, चिंच किंवा सागवान यांसारखे झाड असल्यास 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाखालील परवानगीवाचून ते तोडू नये. दोघांत समेट होत नसेल, तर गावातील तंटामुक्त समितीपुढे विषय ठेवावा. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा हेतू असे तंटे गावातच मिटावे हाच होता.

कचेरीच्या एका खेपेत जितका दिवस मोडतो, तितक्या दिवसात शंभर फूट शेवरी सहज छाटून होते. यंदाच्या रब्बीपूर्वी प्रत्येक बागाईतदाराने आपला उत्तर बांध एकदा पलीकडच्या बाजूने, शेजाऱ्याच्या शेतात उभे राहून पाहावा.