कोंकणची तुटलेली कड

परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला आणि कोंकणची भूमि मिळविली, ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. रायगड किनाऱ्याचे खडक मात्र उलट हकीकत सांगतात. येथें समुद्र हटला नाहीं. जमीन दुभंगली आणि त्या भेगेंत समुद्र शिरला.

पृथ्वीचें कवच अखंड नाहीं. तें अनेक प्रचंड फलकांचें बनलेलें असून हे फलक अतिशय मंद गतीनें सरकत असतात. दोन्ही बाजूंनीं ओढ बसली कीं कवच ताणलें जाऊन पातळ होतें, त्यास लांबच लांब भेगा पडतात आणि दोन भेगांमधील पट्टा खालीं खचतो. हीच खचदरी. पूर्व आफ्रिकेंतील टांगानिका सरोवर अशाच दरींत सांठलें आहे. ओढ चालूच राहिली तर दरींत समुद्र शिरतो. तांबडा समुद्र हें त्या पुढच्या अवस्थेचें उदाहरण होय.

रायगड किनाऱ्यानें ह्या दोन्ही अवस्था केव्हांच ओलांडल्या. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्ह्याचे पूर पसरले व थरावर थर थिजत गेले. माथेरानच्या कड्यांत ते थर आजहि जवळजवळ आडवे दिसतात. परंतु पनवेलच्या पश्चिमेस तेच थर समुद्राकडे कललेले आहेत. कांहीं ठिकाणीं हा कल १० अंशांहूनहि अधिक आहे. लाव्हा थिजल्यानंतर भूमीची पश्चिम कड खचली, ह्याची ही खूण. मुरूडच्या बाजूस कातळांतून उभ्या भिंतींसारखे दगडी पट्टे गेले आहेत. ते भेगांतून वर चढून थिजलेल्या लाव्ह्याचे आहेत.

मग समोरची कड कोठें गेली? ती सेशेल्स बेटांपाशीं आहे, मुंबईहून ३००० किलोमीटरांहूनहि दूर. तेथील सिल्हूएट बेटाचे आग्नेय खडक सुमारें ६.३ कोटी वर्षांचे, म्हणजे ताटातुटीच्या काळांतलेच आहेत. ह्या दोन कडांमध्यें नवा समुद्रतळ तयार होत गेला. कार्ल्सबर्ग नांवाच्या सागरी डोंगररांगेपाशीं तें काम अद्याप चालूच आहे.

सह्याद्रीचा उभा कडा म्हणजे मात्र त्या भेगेची मूळ भिंत नव्हे. पावसानें व नद्यांनीं झिजवीत तो हळूहळू पूर्वेकडे मागें सारला आहे.

पालीजवळील उन्हेरें आणि महाडजवळील सव येथें ऊन पाण्याचे झरे आहेत. त्यांच्याखालीं जिवंत ज्वालामुखी नाहीं. पावसाचें पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतें, भूगर्भाच्या उष्णतेनें तापतें आणि पुन्हां वर येतें. ह्या कुंडांत स्नान करणाऱ्यास लाभणारी ऊब त्या भंगलेल्या कातळांतूनच वर आलेली असते.